आधी काय टाकलंय?

टॉयलेट क्लीनरच्या बाटलीमागे, वाचायला चष्मा लागेल अशा अक्षरांत, एक सूचना असते: दुसऱ्या कोणत्याही रसायनात मिसळू नका. सूचना बरोबर आहे. अडचण एवढीच की, ती ज्याला उद्देशून छापली आहे तो माणूस कामाच्या जागी सहसा सापडत नाही. दोन हातांत दोन बाटल्या धरून एका बादलीत ओतणारा कुणीतरी, असं चित्र त्या सूचनेमागे आहे. प्रत्यक्षात सफाईच्या कामात रसायनं बहुतेक वेळा कुणी न मिसळताच मिसळतात. एकाने सकाळी काहीतरी टाकलेलं असतं, दुसरा दुपारी काहीतरी टाकतो. तोवर पहिला घरी गेलेला असतो आणि दुसऱ्याने एकच बाटली उघडलेली असते. दोघांना विचारा, दोघंही सांगतील की आम्ही काही मिसळलं नाही. आणि दोघंही खरं बोलत असतील.

हीच गोष्ट जरा उलगडून पाहायची आहे. पाहायला नंदुरबार जिल्हा घेतला आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा जिल्हा कारखान्यांसाठी ओळखला जात नाही. तरीही सफाईची आणि निर्जंतुकीकरणाची बहुतेक सगळी रसायनं इथे रोजच्या वापरात आहेत. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलचं पोतं, आश्रमशाळेच्या कोठीत ॲसिड, दवाखान्यात हायपो (म्हणजे क्लोरीनयुक्त सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण), नवापूरच्या पोल्ट्रीत फॉर्मॅलिन. पाणी मात्र हवं तिथे आणि हवं तेव्हा नाही. पाण्याचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच.

पहिलं उदाहरण मात्र लांबचं घ्यावं लागतं, कारण त्याचा घटनाक्रम तपशिलात माहीत आहे. ७ नोव्हेंबर २०१९. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बर्लिंग्टन गावातलं एक रेस्टॉरंट. स्वयंपाकघरात एका कामगाराच्या हातून भांड्यांवरचा क्षार काढायचं आम्लयुक्त द्रव फरशीवर सांडलं. थोड्या वेळाने दुसरा कामगार नेहमीप्रमाणे फरशी धुवायला आला. त्याच्या हातात क्लोरीनयुक्त क्लीनर होता. त्याने तो फरशीवर टाकला तसा फेस आला आणि रंग हिरवट झाला. तो कामगार त्रास होऊन बाहेर पडला. मग व्यवस्थापक आत गेला आणि रबरी पट्टीच्या झाडूने ते पाणी बाहेर ढकलू लागला. तो मेला. आणखी डझनभर लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

या तिघांत मिसळणारा कोण? पहिल्याने सांडलं, ते चुकून. दुसऱ्याने रोजचं काम केलं. तिसऱ्याने तर दुसऱ्यांना वाचवण्यासाठी धाव घेतली. तिघांपैकी प्रत्येकाला बाटलीवरची सूचना तोंडपाठ असती तरी काही फरक पडला नसता. दुसऱ्याला खरोखर उपयोगी पडला असता तो एक प्रश्न: या फरशीवर आधी काय पडलंय?

आता हे दोन पदार्थ एकमेकांशी असं का वागतात, ते पाहू. स्वीडनचे कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७४ मध्ये मँगनीजच्या काळ्या खनिजावर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पिवळसर-हिरवा, घसा आवळणारा वायू मिळवला. तो क्लोरीन. पुढे फ्रान्सच्या बर्थोले यांना दिसलं की या वायूने कापड पांढरंशुभ्र होतं. पण वायू गिरणीपर्यंत न्यायचा कसा? ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये त्याचं उत्तर काढलं: विझवलेल्या चुन्यात क्लोरीन जिरवला आणि पावडर करून पोत्यात भरला. आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो, ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात, ती हीच. म्हणजे त्या पोत्यात आहे तो चुन्याने धरून ठेवलेला क्लोरीन. ताज्या पावडरीत तो वजनाच्या साधारण एक तृतीयांश असतो. पाण्यात टाकली की पावडर तो हळूहळू, जंतू मारण्यापुरता सोडते. आम्ल पडलं की एकदम सोडते. प्रयोगशाळेत क्लोरीन तयार करण्याच्या जुन्या रीतींपैकी एक रीत हीच आहे, ब्लीचिंग पावडरवर हायड्रोक्लोरिक आम्ल. रसायनशास्त्राचे शिक्षक ती वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात करतात. शौचालयाला तसलं कपाट नसतं.

हाच वायू जर्मनांनी २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे नळकांड्यांतून शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. खंदकच का, याचं उत्तर महत्त्वाचं आहे. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो. तो वर न जाता खाली बसतो, खड्ड्यात साचतो.

आता एक शौचालय डोळ्यांपुढे आणा. कुठलीही आश्रमशाळा घ्या, अक्कलकुव्याकडची किंवा धडगावकडची. चार बाय चारची खोली, सात फूट उंच, वर हातभर झरोका, भारतीय पद्धतीचं भांडं. बोअरचं पाणी जड, त्यामुळे भांड्यावर पिवळट-तपकिरी थर. कामाठी किंवा सफाईगार उकिडवा बसून घासतो आहे. म्हणजे त्याचं तोंड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. झरोका डोक्याच्या वर, वायू नाकाखाली. हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेली जागा आणि वायू साचायची जागा यांची अशी फारकत आहे.

हिशेब करून पाहू. या खोलीत हवा मावते साधारण ३,२०० लिटर. दुकानात मिळणाऱ्या टॉयलेट क्लीनरमध्ये सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यातलं १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला, आणि दोन-तीन चमचे ब्लीचिंग पावडर यांची पूर्ण प्रक्रिया झाली तर तीन लिटरच्या आसपास क्लोरीन निघतो. खोलीच्या हवेत तो हजारात एक भाग झाला. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यासाठीची संस्था, नायोश, हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे १० भाग झाले की ती जागा जिवाला तात्काळ धोक्याची धरते. आपल्या अर्ध्या पेल्याचा हिशेब येतो दहा लाखांत सुमारे हजार. प्रत्यक्षात प्रक्रिया पूर्ण होत नाही, दार उघडं असतं, पावडर जुनी असते, तिच्यातला चुना थोडं आम्ल खातो. धरून चालू की दहावाच हिस्सा वायू निघाला. तरी ती मर्यादा दहापटीने ओलांडली जाते. आणि हे बाटलीतल्या क्लीनरचं झालं. दारोदार फिरणाऱ्या ॲसिड-फिनाईलवाल्याकडचं सुटं ॲसिड त्याहून बरंच तीव्र असतं.

पण त्या खोलीत दोन्ही गोष्टी आल्या कशा? इथे कुणाच्या अडाणीपणाकडे बोट दाखवायचं कारण नाही. त्या दोन वेगवेगळ्या हेतूंनी आल्या आहेत. ॲसिड थर काढायला. पावडर जंतू मारायला आणि वासासाठी. पाहणीला कुणी येणार असलं की दोन्ही जास्त. वासाचं तर एक वेगळंच प्रकरण आहे. आपल्याकडे शौचालयातून ब्लीचिंगचा उग्र दर्प आला की पाहणी करणारा मान डोलावतो, सफाई झाली म्हणतो. क्लोरीनचा हा वास म्हणजे खरं तर शरीराला मिळालेली आगाऊ सूचना. तीच आपण स्वच्छतेचं प्रमाणपत्र करून ठेवली आहे. त्या वासाला नाक सरावलेला कामगार तो वाढला म्हणून बाहेर कशाला पळेल?

टीसीएल तर या जिल्ह्यातल्या गावागावात असणारच, आणि असायलाच हवी. पावसाळ्यात विहिरीत, टाकीत ती टाकायचं काम जलसुरक्षकाचं. तिच्यात क्लोरीन २० टक्क्यांहून कमी भरला तर ती वापरायला योग्य धरत नाहीत. म्हणजे जुनी, मार गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला चालत नाही. मग ती जाते कुठे? टाकून द्यायला जीव होत नाही. शौचालयात, गटारीत मूठ-मूठ भिरकावली जाते. कमजोर झाली म्हणून कुणी मोजत नाही, आणि उद्या त्याच जागी ॲसिड पडेल हे भिरकावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

याच पावडरीची दुसरी जोडीदार आणखी साळसूद आहे. तुरटी. गढूळ पाणी निवळायला तुरटी, मग जंतू मारायला टीसीएल, हा क्रम सगळ्यांना ठाऊक. पण तुरटीचं घट्ट द्रावण आम्लधर्मी असतं. ज्या बादलीत तुरटी विरघळवली तीच न धुता तिच्यात पावडर कालवली, तर तिथेही क्लोरीन सुटतो. दाढी झाल्यावर गालावर फिरवायची तुरटी. तिच्यावर संशय कोण घेईल?

आपल्याकडे दुधाबरोबर मासे खाऊ नयेत असं सांगतात. विरुद्ध आहाराची ही शिकवण वैद्यकाच्या कसोटीवर कितपत उतरते तो वाद बाजूला ठेवा. तिची मांडणी पाहा. मासे खाणारा ते दुधात कालवून खात नाही. दुपारी मासे खातो, तासाभराने दूध पितो. ताटात दोन्ही एकत्र कधीच नसतात. म्हणून आजी दूध देण्याआधी विचारते, काय खाऊन आलास? स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या विचारला गेलेला हा प्रश्न मोरीत आणि शौचालयात मात्र कुणी विचारत नाही.

बर्लिंग्टनमध्ये निदान दोन्ही रसायनं माणसांनी आणलेली होती. यापुढची पायरी म्हणजे दुसरं रसायन कुणीच आणलेलं नसतं.

मुतारीचं घ्या. लघवीतल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो. शाळेच्या मुतारीत शिरल्यावर डोळ्यांना झोंबतं ते तेच. त्या ओल्या, साचलेल्या जागेवर ब्लीचिंग पावडर किंवा हायपो टाकला की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. डोळ्यांतून पाणी, खोकला, छाती भरून येणं. दवाखान्यात रक्त सांडलं तर त्यावर एक टक्का हायपो ओतायची पद्धत योग्य आहे. लघवी सांडली तर आधी ती पुसून घ्यायची, जागा पाण्याने धुवायची, मगच हायपो. वॉर्डातल्या मावशीला ‘सांडलं की हायपो’ एवढंच शिकवलं असेल तर ती शिकवल्याप्रमाणेच करणार.

आणि नवापूर. हे नाव देशाला कळलं ते १८ फेब्रुवारी २००६ ला. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये सापडल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. लाखांच्या संख्येने कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. अंगभर पांढरे पोशाख चढवलेली पथकं तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर दिसत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा बातम्या कोंबड्यांपाशी संपल्या. खरं तर कोंबड्या गेल्यावर शेडचं काम सुरू होतं: खत उपसायचं, धुवायचं, जंतुनाशकं मारायची. साथ नसतानाही, दर लॉट उचलल्यानंतर हे काम असतंच.

शेडमध्ये जमिनीवर तुसाचा थर असतो. त्यावर कोंबड्यांची विष्ठा पडत राहते. कोंबडी पातळ लघवी वेगळी करत नाही, सगळं त्याच विष्ठेतून जातं. ते ओलं झालं की त्यातून अमोनिया सुटतो. पडदे खाली सोडलेल्या शेडमध्ये सकाळी शिरणाऱ्याला तो डोळ्यांत जाणवतो. अशा ओल्या थरावर चुना मारला तर अमोनिया आणखी सुटतो, कारण चुन्यासारखं अल्क त्याला मोकळं करतं. ब्लीचिंग पावडर मारली तर त्याचा क्लोरामाइन होतो. एका हाताने एकच पावडर शिंपडली, आणि दुसरं रसायन कोंबड्यांनी महिनाभर थेंबाथेंबाने साठवून ठेवलेलं होतं. म्हणूनच आधी खत पूर्ण उपसायचं, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं आणि शेवटी जंतुनाशक, हा क्रम सांगितलेला आहे. घाईत गळतो तो मधला भाग.

याच शेडमध्ये याच्या अगदी उलटं काम चालतं, आणि मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. धुरी देणं. १०० घनफूट जागेला २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि ४० मिलिलिटर फॉर्मॅलिन, हे पोल्ट्रीतलं ठरलेलं माप. गरजेप्रमाणे दुप्पट-तिप्पट करतात. खोल भांड्यात आधी परमँगनेट ठेवायचं, त्यावर फॉर्मॅलिन ओतायचं, उलट कधीही नाही. ओतताच मिश्रण तापतं, उकळतं आणि फॉर्मल्डिहाइडचा वायू भसाभस बाहेर पडतो. हा वायू कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात आहे. इथे तर दोन रसायनं मुद्दाम मिसळायची असतात. पण नीट करणारी माणसं कशी करतात पाहा: शेड रिकामं, फटी बंद, भांडी आधीच ओळीत मांडलेली. ओतणारा दूरच्या टोकाकडून दाराकडे सरकत येतो, शेवटचं भांडं ओतून बाहेर पडतो, दार लावतो. मग कितीतरी तास आत कुणी जात नाही. ‘मिसळू नका’ ही सूचना इथे पाळली जात नाही. तरी हे काम शौचालय घासण्यापेक्षा जास्त सांभाळून होतं, कारण आपण काय मिसळतोय आणि त्यातून काय निघणार आहे हे प्रत्येकाला आधीपासून माहीत असतं.

मुद्दाम मिसळणारे घरांतही असतात, हे मान्य करायला हवं. करोनाच्या पहिल्या लाटेत अमेरिकेत एका बाईंनी भाज्या निर्जंतुक करण्यासाठी सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं आणि त्या रुग्णालयात पोचल्या. तिथल्या विषबाधा केंद्रांकडे जानेवारी ते मार्च २०२० या तीन महिन्यांत क्लीनर आणि जंतुनाशकांसंबंधी ४५,५५० प्रकरणं आली. आदल्या वर्षीच्या याच काळापेक्षा २० टक्के जास्त. दोन औषधं एकत्र म्हणजे दुप्पट गुण, हा समज आपल्याकडेही आहे. फिनाईलच्या बादलीत मूठभर ब्लीचिंग टाकणारे कमी नाहीत, आणि त्याने दोघांचाही गुण उतरतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हा समज समजावून घालवता येतो. मात्र जिथे एकाचं काम दुसऱ्याला दिसतच नाही, तिथे समजावून भागत नाही.

किती दिसत नाही, याची दोन उदाहरणं. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावी एका कारखान्यात टँकर सल्फ्युरिक आम्ल द्यायला आला. आम्लाची नळी जोडायची जागा आणि हायपोच्या टाकीची नळी जोडायची जागा एकमेकींपासून अठरा इंचांवर होत्या, दिसायला सारख्या. चालकाने नळी जोडली ती हायपोच्या टाकीला. क्लोरीनचा ढग गावावर गेला, १४० हून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. दुसरं उदाहरण नंदुरबारकरांच्या जास्त जवळचं. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून टाकाऊ रसायन चोरून नाल्यात सोडलं गेलं. त्यातून जो विषारी वायू निघाला त्याने सहा कामगार दगावले. मरणारे जवळच्या गिरणीतले होते. टँकरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या गावांमधून पोटापाण्यासाठी सुरतेची गाडी धरणाऱ्यांना त्या औद्योगिक वसाहती परक्या नाहीत. नाल्यात आधी काय वाहत होतं, हे टँकरवाल्याने विचारायचा प्रश्नच नव्हता.

मग उपाय काय? पुस्तकात एक उत्तर ठरलेलं आहे: एका रसायनानंतर दुसरं वापरण्याआधी जागा भरपूर पाण्याने धुवा. उत्तर चूक नाही. सफाईच्या दोन रसायनांना एकमेकांपासून लांब ठेवणारी हाताशी असलेली गोष्ट पाणीच. पण ‘भरपूर पाणी’ हे शब्द नळ सोडला की पाणी येतं अशा ठिकाणी बसून लिहिलेले आहेत. सातपुड्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पिण्याचं पाणी आणायला दरी उतरावी लागते. तिथल्या वसतिगृहात शौचालय दोनदा खळखळून धुवा, हे कागदावर वाचायला ठीक. कामाठीला दोन बादल्या मिळाल्या तर तो ॲसिडवर एक टाकेल, पावडरीवर एक. मध्ये टाकायला तिसरी कुठून आणणार? ज्या उन्हाळ्यात पाणी कमी, त्याच उन्हाळ्यात दुर्गंधी जास्त, म्हणून पावडर जास्त. धोका वाढवणाऱ्या गोष्टी अशा एकाच ऋतूत येऊन मिळतात.

दुसरं ठरलेलं उत्तर लेबलचं. जपानमध्ये १९८० च्या दशकात अशाच मिसळण्यातून मृत्यू झाल्यावर क्लोरीनच्या आणि आम्लाच्या क्लीनरवर ‘मिसळू नका, धोका’ हे ठळक अक्षरांत छापणं सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण लेबल बाटलीला चिकटलेलं असतं, आणि आपल्याकडे रसायन बाटली सोडून फिरतं. कॅनमधून मगात, मगातून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. तिच्यावर अजून मिनरल वॉटरचंच चित्र. ज्याच्या घरात पावरी, मावची किंवा भिली बोलली जाते त्याच्यासाठी इंग्रजी लेबल आणि कोरी बाटली यांत फरक कितीसा? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं आणली; विकणाऱ्याने नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावं. ती ॲसिड-हल्ल्यांच्या संदर्भात होती आणि गरजेचीच होती. पण त्या विचारात ॲसिड म्हणजे कुणीतरी दुसऱ्यावर फेकायची वस्तू. ते रोज स्वतःच्या नाकाखाली ओतणाऱ्याचा विचार तिथे नव्हता.

तिसरं उत्तर मास्क. रुमाल, कापडी मास्क, अगदी करोनातला एन-९५ सुद्धा धूळ आणि थेंब अडवतो; वायू त्यातून सरळ आरपार जातो. तोंड बांधलेला माणूस उलट जास्त वेळ आत थांबतो, हा धोका वेगळा.

वायू निघालाच तर करायचं ते थोडं आहे. हातातलं तिथेच टाकून बाहेर पडायचं, दार उघडं ठेवायचं, उताराकडे न जाता चढाकडे आणि वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून जायचं. बादली आणायला, ‘पाणी मारून बघू’ म्हणून, किंवा एकावर दुसरं रसायन ओतून शमवायला परत आत जायचं नाही. बर्लिंग्टनचा व्यवस्थापक असाच गेला. डोळे-तोंड साध्या पाण्याने धुवायचे आणि दवाखाना गाठायचा, बरं वाटलं तरी. क्लोरीनने फुप्फुसांत पाणी भरायला कधी कधी काही तास लागतात. संध्याकाळी नुसता खोकणारा माणूस रात्री गुदमरू शकतो. त्यावर उतारा असा नाही, ऑक्सिजन आणि देखरेख एवढंच. तोरणमाळसारख्या ठिकाणाहून रात्री घाट उतरायचा म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

राहिला तो मूळ प्रश्न: आधी काय टाकलंय? तो विचारायची सोय करणं फार खर्चाचं नाही. शौचालयाच्या दारामागे खडूने लिहा: काय टाकलं, कधी. लिहिता न येणाऱ्यासाठी ॲसिडची बादली लाल आणि पावडरीची पांढरी, आणि दोन्ही एका खोलीत ठेवायच्या नाहीत. एक काम एका दिवशी, दुसरं दुसऱ्या दिवशी. पण खरं सांगायचं तर नोंद, रंग आणि वार हे सगळं माणूस दमलेला नसेल, घाईत नसेल आणि बदली कामगार नसेल तेव्हाच चालतं. म्हणून मला दुकानातून आणतानाच एक वस्तू कमी करणं जास्त भरवशाचं वाटतं. जे कोठीत नाही ते फरशीवर पडणार नाही.

तेव्हा मुख्याध्यापक, अधीक्षक, ग्रामसेवक यांना विनंती एवढीच. पुढच्या खरेदीच्या यादीत शौचालयासाठी ॲसिड आणि ब्लीचिंग दोन्ही लिहिली असतील तर ॲसिड खोडा. टीसीएल पिण्याच्या पाण्याला लागणारच आहे, ती गावातून जाणार नाही. भांड्यावरचा पिवळा थर साबण, घासणी आणि वेळ यांनी निघेल तेवढा निघू द्या. उरला तर उरू द्या, आणि पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर तो का ठेवला आहे ते सांगा.